लोककवी वामनदादा कर्डक

वामनदादा कर्डक हे थोर लोककवी व गायक होते. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यात देशवंडी या खेडेगावी झाला. घरची फार गरिबी. लहानपणी ते शाळा शिकलेच नाहीत, गुरे राखायचे.

पुढे ते मुंबईला गेले. तिथे त्यांनी कोळसा वाहिला, चिक्की विकली, आइसफ्रूट पण विकले. मला आधी वाटले, आइसफ्रूटवाल्याची मज्जाच असेल. पण विकणाऱ्याला खायला कुठे मिळते!

एकदा एका माणसाने त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले. त्यांना वाचताच येईना. फार लाज वाटली. मग ते एका मास्तरांकडून मुळाक्षरे शिकले आणि जोडाक्षरे दुकानांच्या पाट्या वाचून वाचून. मला जोडाक्षरे अजून अवघड जातात, अन् मला तर बाई रोज शिकवतात.

१९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले, तेही हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर. नंतर गावोगावी फिरून हजारो गाणी गायिली. पुष्कळ गाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आहेत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना बाबासाहेब पुस्तकातून कसे कळणार? ते गाण्यातून कळले. आमच्या आजीला पण तसेच कळले. तिला वामनदादांची गाणी तोंडपाठ आहेत.

१५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या गाण्यांचे ‘वाटचाल’ नावाचे पुस्तक आहे. ते आजीला स्वतः वाचायचे आहे. म्हणून रोज जेवणं झाली की मी तिला पाटीवर अक्षरे शिकवतो. सध्या ती ‘भ’ पर्यंत आली आहे.