दुखऱ्या पाठीचा नौसैनिक : जॉन एफ. केनेडी

अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष म्हणून जॉन फिट्झजेराल्ड केनेडी आपणां सर्वांना परिचित आहेत. परंतु सैन्यात प्रवेश मिळावा म्हणून त्यांना स्वतःच्या देहाशी केवढा झगडा करावा लागला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

२९ मे १९१७ रोजी बोस्टनजवळील ब्रुकलाइन येथे, एका आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नऊ भावंडांतील हे दुसरे अपत्य बालपणापासूनच आजारी असे. पोटाचे विकार व पाठीचे दुखणे तारुण्यातही सुटले नाही.

१९४१ साली ते भरतीसाठी गेले, तेव्हा वैद्यकीय तपासणीत प्रथम भूदलाने व नंतर नौदलानेही त्यांना नाकारले. त्यांनी कित्येक महिने व्यायाम केला. वडील जोसेफ केनेडी पूर्वी ब्रिटनमध्ये राजदूत होते. तेथील ओळखीचे नौदल अधिकारी ॲलन कर्क यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला. पुन्हा तपासणी झाली, जुन्या दुखण्यांकडे काणाडोळा करण्यात आला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये केनेडी नौदलात अधिकारी झाले.

आरंभी त्यांना वॉशिंग्टनमध्ये कचेरीचे काम मिळाले. तेथेच सुरक्षित राहणे सहज शक्य होते. परंतु त्यांनी पुन्हा ओळखी वापरल्या, त्या पॅसिफिकच्या रणक्षेत्रात जाण्यासाठी!

२ ऑगस्ट १९४३ च्या पहाटेपूर्वीच्या काळोखात, सॉलोमन बेटांजवळ, 'अमागिरी' या जपानी विनाशिकेने त्यांची 'पीटी-१०९' ही नौका दुभंगली. तेरांपैकी दोघे मृत्युमुखी पडले. भाजलेल्या एका सहकाऱ्याच्या जीवनरक्षक जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडी कित्येक तास पोहत राहिले व त्याला बेटावर घेऊन आले. बियुकू गासा व एरोनी कुमाना या स्थानिक तरुणांनी त्यांचा नारळाच्या कवटीवर कोरलेला निरोप पोहोचविला आणि सहा दिवसांनी अकराही जणांची सुटका झाली. ती कवटी पुढे राष्ट्राध्यक्षांच्या मेजावर विराजमान झाली.

ह्या धाडसाचे मोल देहाने चुकविले. १९४५ साली प्रकृतीमुळेच त्यांना नौदलातून निवृत्त व्हावे लागले. १९५४ च्या पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तर त्यांना अंतिम संस्कारही देण्यात आले. त्यातून ते उठले, जानेवारी १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले.

वैद्यकीय नियम सहकाऱ्यांच्या रक्षणासाठीही असतात. वशिल्याने ते वाकविणे निर्दोष होते, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या तरुणांच्या वडिलांना मोठ्या ओळखी नव्हत्या, त्यांच्यासाठी ते दार बंदच राहिले. तरीही वशिला बहुधा संकट टाळण्यासाठी लावला जातो. केनेडींनी तो संकटात उतरण्यासाठी लावला. आपल्या हाती असलेल्या ओळखी आपण कोणासाठी व कशासाठी खर्च करतो, हा प्रश्न त्यांचे चरित्र आपणांपुढे ठेवते.