रविवार कोणाचा?

लहानपणापासून माझी ठाम समजूत होती की रविवारची सुट्टी चर्चमुळे मिळते. सकाळी मिस्सा, दुपारी मटण, मग झोप. सरकारी कचेऱ्यांपुरतं ते खरंही होतं, कारण इंग्रज साहेबांचा तो रिवाजच होता. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला हा रविवार मागून, भांडून घ्यावा लागला. त्यासाठी झटलेला माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. माळी समाजातलं साधं घर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आधी रेल्वेत, मग पोस्टात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. म्हणजे ते स्वतः साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते, खुर्चीवर बसणारे होते. पण खुर्चीवरून त्यांना जे दिसलं, ते विसरणं त्यांना जमलं नाही.

काय दिसलं? गिरणी सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबलं. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. एखाद्या रविवारी यंत्रं थांबलीच, तर ती पुसायला कामगारच यायचे. पगार उशिरा, वर दंडाची कपात. नोकरी मुकादमाच्या मर्जीवर. आज आत, उद्या बाहेर.

लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालवलं, ते मरेपर्यंत. कामगारांची गाऱ्हाणी छापायला हे हक्काचं पान होतं.

सरकार तेव्हा झोपलेलं नव्हतं. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला होता. पण तो मुख्यतः मुलांपुरता, आणि शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरता. मोठ्यांच्या तासांबद्दल एक शब्द नाही. शिवाय कायदा कडक व्हावा म्हणून इंग्लंडमधले मँचेस्टरचे कापड कारखानदारही जोर लावत होते. त्यांना मुंबईच्या मजुराची कणव होती असं नाही, मुंबईचं स्वस्त कापड त्यांना डोईजड होत होतं. आणि इथले मालक म्हणायचे, आमच्या कामगाराला काही त्रासच नाही. दोन्हीकडून कामगाराच्या नावाने बोलणं चाललं होतं, आणि कामगाराला मात्र कोणी विचारत नव्हतं.

लोखंडे यांनी विचारलं. १८८४ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमला गेला, तेव्हा सप्टेंबरमध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० जणांच्या सह्या झाल्या. मागण्या अगदी साध्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, आणि काम करताना जखम झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला झालेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० साली, हजारोंसमोर! अखेर १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नवा आयोग नेमला आणि मुंबईपुरतं त्याच्या कामात लोखंडे यांनाही घेतलं. १८९१ च्या सुधारित कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास आला, बायकांसाठी अकरा तासांची आणि मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली.

पण हुरळून जाऊ नये. पुरुषांच्या तासांना मर्यादा यायला १९११ उजाडलं. पन्नासपेक्षा कमी माणसांचे कारखाने बाहेरच राहिले. काही स्त्रियांना तर धास्ती होती की तास कमी झाले की आपल्यालाच कमी करतील. आणि ज्याची मजुरी मालावर ठरते, त्याची सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी.

लोखंडे यांच्या संघटनेकडे ना नोंदलेले सभासद होते, ना निधी, ना नियमावली. कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेताना हे अनेकदा सांगितलं जात नाही. मला वाटतं, उलट ते मुद्दाम सांगावं. हाती काही नसताना त्यांनी एवढं केलं.

१८९३ च्या मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर दोन्ही समाजांनी एकत्र यावं म्हणून ते धडपडले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केलं. मग प्लेग आला. त्या साथीत ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. वय पन्नाशीच्या आत. २००५ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. कधीकाळी पोस्टात नोकरी केलेल्या माणसावर!

माझा एक वर्गमित्र संध्याकाळी बाइकवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. रविवारी ऑर्डरी जास्त, म्हणून तो रविवार कधीच सोडत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याच्यासारख्यांना ‘गिग कामगार’ हे नाव मिळालं, पण पगारी सुट्टी मिळाली नाही. परवा मिस्साहून येताना तो सिग्नलला दिसला. मी हात केला, त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि निघून गेला.

सुधारणा येतात, मोजून येतात, आणि कोणीतरी व्याख्येबाहेर राहतोच. म्हणून कायदा करण्याआधी परळला जाऊन विचारणारा माणूस लागतो.

आज आपलं परळ कुठे आहे, एवढं तरी शोधूया.