डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि नाशिकचे त्यांचे सोबती

आफ्रिका खंडाच्या मध्यभागी जी निबिड पर्जन्यारण्ये आहेत, त्यांत राहणारे मोठमोठे बिनशेपटीचे वानर पाहण्यासाठी हल्ली जगाच्या सर्व भागांतून प्रवासी जातात. पुढे वाटाड्या, मागे वनरक्षक, मध्ये पाहुणे, अशी ही रांग चिखल तुडवीत व वेली बाजूस सारीत चालते. युगांडा व रुआंडा या देशांत गोरिलाच्या एका कुटुंबापाशी दिवसातून आठच प्रवाशांस नेतात आणि त्यांस तेथे तासभरच थांबू देतात. ज्यास पडसे आले असेल त्याने मागेच राहिले पाहिजे, कारण माणसाचे रोग या प्राण्यांस फार लवकर जडतात. आम्हां बेसा व नागपूरकडील मंडळींस छपरांवरून व चिंचेच्या झाडांवरून उड्या मारणारी काळ्या तोंडाची वानरे रोजच्या परिचयाची आहेत. परंतु गोरिला व चिंपांझी यांच्यासारखा शेपूट नसलेला वानर सबंध विदर्भात नाही. भारतात असा प्राणी म्हणजे ईशान्येकडील अरण्यांतील हुलॉक गिबन हा एवढाच होय.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी त्या आफ्रिकी अरण्यांत एक आजारी, दात पडलेला, वृद्ध दिसू लागलेला गृहस्थ तीन सोबत्यांसह वाट काढीत होता. त्याचे नाव डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन. त्या तीन सोबत्यांपैकी एक आपल्या नाशिकच्या शाळेत वाढलेला होता, व दुसऱ्याने मुंबईच्या शाळेत धडे गिरविले होते. या थोर पुरुषाचे चरित्र आमच्या वाचकांस यासाठी सादर करीत आहोत की, त्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध पुष्कळांस ठाऊक नसतो.

डेव्हिडचा जन्म 19 मार्च 1813 रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर गावी एका गरीब कुटुंबात झाला. दहाव्या वर्षीच त्यास सुताच्या गिरणीत कामास जावे लागले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम, व त्यानंतर रात्रीची शाळा! पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून त्याने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक विकत घेतले. यंत्रावर पुस्तक उघडे ठेवावे व येताजाता एकेक वाक्य वाचावे, असा त्याचा क्रम असे. पुढे ग्लासगो येथे त्याने वैद्यकाचा अभ्यास केला. चीन देशात वैद्य व मिशनरी म्हणून जाण्याचा त्याचा मनोदय होता. परंतु तिकडे अफूचे युद्ध पेटल्यामुळे तो बेत राहिला व 1841 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत उतरला.

1844 मध्ये माबोत्सा येथे एका सिंहाने त्यांच्यावर झडप घातली व डाव्या खांद्याजवळचे हाड मोडले. ते पुढे वेडेवाकडेच सांधले. हे हाड वाचकांनी लक्षात ठेवावे. कारण शेवटी त्याचे काम पडणार आहे. 1853 ते 1856 या काळात त्यांनी खंडाचा मध्यभाग ओलांडून पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत प्रवास केला, आणि 1855 मध्ये झांबेझी नदीचा प्रचंड धबधबा पाहून त्यास राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले. तेथील लोकांनी त्यास गर्जणारा धूर अशा अर्थाचे नाव आधीच दिले होते, हेही सांगितले पाहिजे. या सर्व प्रवासांत त्यांच्या मनास खोल जखम करणारी गोष्ट एकच होती. मानेत लाकडी बेडी अडकविलेल्या स्त्रीपुरुषांचे व मुलांचे तांडे किनाऱ्याकडे हाकले जात असलेले त्यांनी पाहिले. 1861 मध्ये असाच एक तांडा त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी सोडविला. त्यात चुमा नावाचा एक मुलगा होता.

1864 मध्ये त्यांनी आपली लहानशी आगबोट लेडी न्यासा हीत बसून झांझिबारहून मुंबईकडे प्रयाण केले. बोट नदी-सरोवरांत चालण्याजोगी, कोळसा थोडा, खलाशी अननुभवी, आणि समुद्र अडीच हजार मैलांचा! 30 एप्रिलला निघालेली ही बोट पावसाळा तोंडावर असताना 13 जूनला मुंबई बंदरास लागली. आमच्या नागपुरास शिक्षणाचा पाया घालणारे स्टीफन हिस्लॉप साहेब आदल्याच वर्षी टाकळघाटाहून बोरीकडे येताना नाल्याच्या पुरात बुडून निवर्तले होते. लिव्हिंग्स्टन यांनी चुमा व त्याचा मित्र विकाटानी यांस मुंबईस हिस्लॉप साहेबांचेच सहकारी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेविले. 1865 मध्ये ते पुन्हा मुंबईस आले, बोट विकली, आणि आलेले पैसे तेथील एका बँकेत ठेविले. ती बँक पुढे बुडाली व पैसेही बुडाले.

नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेली एक वसाहत होती. गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार अरबी समुद्रात पकडीत असे, व त्यांवरील आफ्रिकी मुलांपैकी कित्येकांस येथे आणून शिक्षण व हाताचा धंदा शिकवीत. गोदावरीच्या काठी वाढलेल्या या तरुणांपैकी नऊ जण लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर निघाले. जानेवारी 1866 मध्ये ही मंडळी मुंबईहून झांझिबारास गेली. ज्या भूमीतून त्यांस बालपणी ओढून नेले होते, तीतच ती स्वखुषीने परत चालली होती.

प्रवासाचा हेतू नाईल नदीचा उगम शोधणे व गुलामांच्या व्यापारावर जगाचे लक्ष वेधणे हा होता. परंतु संकटांस सीमा राहिली नाही. शिपाई परत पाठवावे लागले, हमाल पळाले, औषधांची पेटी चोरीस गेली. नाशिकच्या तरुणांविषयीही साहेबांच्या रोजनिशीत पुष्कळ कडवट तक्रारी आढळतात. ते आळशी आहेत, सांगितलेले ऐकत नाहीत, असे त्यांचे मत झाले होते, व काही जण त्यांस खरोखरच सोडून गेले. 1870 च्या जूनमध्ये ते टांगानिका सरोवराच्या पश्चिमेस मान्येमाच्या अरण्यात पुढे निघाले तेव्हा सुसी, चुमा व नाशिकचा गार्डनर हे तिघेच त्यांच्या मागे होते.

मान्येमाची झाडी इतकी दाट की, माध्यान्हीचे ऊनही जमिनीवर कवडशांनीच उतरावे. पायांस व्रणे झाल्यामुळे साहेबांस बंबारे गावी कित्येक महिने पडून राहावे लागले. तेथे त्यांनी सोको नावाच्या वानराविषयी माहिती जमविली. आपण त्यास आज चिंपांझी म्हणून ओळखतो. लिव्हिंग्स्टन त्यास गोरिलाचा भाऊबंद समजत. गावकऱ्यांनी त्यांस सांगितले की, हा प्राणी टोळीने राहतो, पोकळ झाडे बडवून नगाऱ्यासारखा नाद करितो, व शिकारी अंगावर आला तर त्याचा हात धरून बोटे चावतो. तो मांस खात नाही असेही त्यांनी सांगितले. यांतील झाडे बडविण्याची गोष्ट पुढील संशोधकांनी खरी ठरविली. मांस न खाण्याची मात्र 1960 मध्ये जेन गुडॉल यांच्या निरीक्षणाने खोटी ठरली. हे निरीक्षण ज्या गोम्बे अरण्यात झाले, ते लिव्हिंग्स्टन यांच्या उजिजी गावाच्या उत्तरेस थोड्याच मैलांवर आहे.

प्रथम साहेबांस हा प्राणी अगदी कुरूप वाटला व त्यांनी त्याचे वर्णनही तसेच केले. परंतु 1871 मध्ये एका व्यापाऱ्याने त्यांस सोकोचे एक लहान मादी पिल्लू दिले. त्याच्या आईस शिकाऱ्यांनी मारिले होते. बसले असता वीतदोन वीत उंचीचे हे पोर उचलून घेण्यासाठी हात पुढे करी, व कोणी न घेतल्यास माणसाच्या मुलाप्रमाणे तोंड वेडावून हात चोळीत रडे. निजताना ते अंगावर चटई ओढून घेई आणि पानाने तोंड पुशी. हे पाहून साहेबांचे मन द्रवले. आईपासून तोडलेली माणसाची मुले ज्याने शेकड्यांनी पाहिली होती, त्यास या लहानग्या जीवाची भाषा समजण्यास वेळ लागला नसेल, असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी लुआलाबा नदीवरील न्यांग्वे गावी त्यांनी जे पाहिले, त्यापुढे अरण्यातील कोणत्याही श्वापदाचे क्रौर्य फिके पडते. 15 जुलै रोजी भर बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी बंदुका चालविल्या. बाजारात बहुतेक बायकाच होत्या. पळताना नदीत उड्या घेऊन कित्येक बुडाल्या. मेलेल्यांचा आकडा तीनचारशेपर्यंत धरितात. लिव्हिंग्स्टन यांजपाशी कागद उरले नव्हते, म्हणून त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांवर झाडाच्या रसाच्या शाईने ही हकीकत टिपून ठेविली. ती शाई पुढे पुसट झाली; परंतु 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या प्रकाशांत छायाचित्रे घेऊन ती पुन्हा वाचली. त्या हत्याकांडानंतर व्यापाऱ्यांची सोबत सोडून ते उजिजीस परतले. तेथे अन्नाला महाग झालेल्या स्थितीत त्यांस हेन्री स्टॅन्ली भेटले. स्टॅन्ली यांच्याबरोबर ती हकीकत इंग्लंडास पोहोचली व लोकमत खवळले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांस झांझिबारच्या सुलतानाकडे पाठविण्यात आले, आणि जून 1873 मध्ये तेथील गुलामांचा बाजार बंद झाला.

ही वार्ता ऐकण्यास लिव्हिंग्स्टन जिवंत नव्हते. स्टॅन्ली यांनी किनाऱ्यावरून पाठविलेल्या माणसांत नाशिकचे जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन वगैरे तरुण होते. त्यांना घेऊन साहेब पुन्हा निघाले. परंतु 1 मे 1873 रोजी चितांबो या नायकाच्या गावी बिछान्याजवळ गुडघे टेकलेल्या स्थितीतच त्यांचा प्राण गेला. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका वृक्षाखाली पुरले. जेकबाने अंत्यविधीची प्रार्थना वाचली व झाडाच्या बुंध्यावर लेख कोरला. नंतर देह मिठाने व उन्हाने सुकवून, कापडात व सालीत गुंडाळून, सुमारे नऊ महिन्यांत हजार मैलांहून अधिक वाट चालून त्यांनी तो समुद्रकिनारी आणिला. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा आग्रह केला, तोही त्यांनी मानिला नाही. लंडनमध्ये सिंहाने मोडलेल्या हाडावरून देहाची खूण पटली, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेत दफन झाले. पेटीस हात देणाऱ्या मानकऱ्यांत नाशिकचा जेकब वेनराइट होता.

नाईलचा उगम त्यांस सापडला नाही. ज्या लुआलाबास ते नाईल समजत, ती काँगो नदी ठरली. तथापि त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेविले, म्हणून एका बाजाराचे दार बंद झाले. आणि ज्या तरुणांस त्यांनी वेळोवेळी निरुपयोगी म्हटले, त्यांच्याच शाळाबंधूंनी त्यांचा देह व त्यांची रोजनिशी जगाच्या हाती दिली. विद्यार्थिमित्रहो, शिक्षकाचा वा वडीलमाणसांचा आपणांविषयीचा आजचा अभिप्राय कडू असेल तर त्याने खचू नका. आणि पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाचा हिशेब एका वर्षाच्या प्रगतिपुस्तकावरून मिटवू नये. शरणपुरच्या त्या पोरक्या मुलांचा हिशेब पुरा होण्यास आफ्रिकेची अर्धी वाट चालावी लागली.