जनरल बेक्विथ व डोंगरातील मंडळ्या

जॉन चार्ल्स बेक्विथ ह्यांचा जन्म १७८९ साली कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. लहान वयातच ते इंग्रजी सैन्यात शिरले व १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर त्यांचा डावा पाय गेला. १८२७ साली ते ड्यूक ऑफ वेलिंग्टन ह्यांच्या भेटीस गेले असता, वाट पाहता पाहता गिली नामक पाळकांचे एक पुस्तक त्यांच्या हाती आले. इटलीच्या वायव्येस आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत, शतकानुशतके छळ सोसून टिकलेल्या वालदेन्सी ख्रिस्ती लोकांची हकीगत त्यांत होती. त्याच वर्षी साहेब तिकडे गेले, आणि मग त्यांचे मन दुसरीकडे रमेना.

त्यांस कोणी पाठविले नव्हते. वाड्यावस्त्यांवरील मुले हिवाळ्यात गोठ्यांत बसून शिकत. ऊब काय ती तेथेच! लाकडी पायाने त्या चढणी चढून साहेबांनी, स्वतःचा व स्नेह्यांचा पैका घालून, सुमारे १२० शाळा उभ्या केल्या. मुलींसही त्यांनी वगळिले नाही.

मंडळ्यांवर बिशपासारखा कायमचा अधिकारी असावा असे त्यांस वाटे. पाळकांनी ते साफ नाकारिले. उपकारकर्त्यास नाही म्हणणे सोपे नसते. पण साहेबांनी खोरे सोडिले नाही, हे विशेष.

१८४८ साली राजा कार्लो आल्बेर्तो ह्याने वालदेन्सींस नागरिकत्वाचे हक्क दिले. तेव्हा, आता फ्रेंच भाषेवर न थांबता इटालियन शिका, असा त्यांनी पाळकांमागे लकडा लाविला. १८५० साली त्यांनी तेथील कारोलीन व्होल नामक कन्येशी विवाह केला, आणि १८६२ च्या जुलैत तोर्रे पेल्लिचे येथे देह ठेविला. त्यांस त्याच गावी पुरिले.