जे. जे. सोडून शांतिनिकेतनची वाट धरणारा चित्रकार

चित्रकार व्हायचे ठरल्यावर कोणत्या शाळेत शिकावे, हा प्रश्न १९२० च्या दशकात फारसा कुणाला पडत नसे. मुलगा खामगाव-मेहकरचा असो की मडगावचा, चित्रकलेचे नाव काढले की डोळ्यांपुढे मुंबईची सर जे. जे. कला शाळाच उभी राही. १८५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत प्रवेश मिळाला म्हणजे अर्धे आयुष्य मार्गी लागले, असा समज होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. अशा काळात ती शाळा आपण होऊन सोडणाऱ्या अँजेलो दा फोन्सेका यांची गोष्ट म्हणूनच वेगळी ठरते.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ चा. मांडवीच्या पात्रातील सांत इस्तेव हे त्यांचे गाव. गोमंतकीयांना ते तेथल्या लांबलचक भेंडीमुळे अधिक ठाऊक आहे. घर सधन जमीनदाराचे, कॅथलिक वळणाचे. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून त्याला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात घालण्यात आले. ते शिक्षण अर्ध्यावर टाकून फोन्सेका जे. जे.मध्ये दाखल झाले. घरच्यांच्या दृष्टीने हीच उडी पुरेशी मोठी होती, परंतु ते तेथेही थांबले नाहीत.

जे. जे.ची सूत्रे तेव्हा ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडे होती. जिवंत मॉडेल समोर ठेवून केलेला अभ्यास, छायाप्रकाशाचा काटेकोर विचार आणि भित्तिचित्रांचे खास वर्ग ही त्यांच्या कारकिर्दीची वैशिष्ट्ये. भारतीयत्वाचा विचार तेथे नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिल्लीच्या नव्या सचिवालयाच्या भिंती १९२८-२९ च्या सुमारास याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी रंगविल्या. मान, काम आणि पैसा या तिन्हींची शक्यता मुंबईत होती. फोन्सेका यांना मात्र इंग्रज शिक्षकांच्या पद्धतीने भारतीय चित्रकार होता येईल, हे पटेना.

रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात १९१९ मध्ये सुरू झालेले कलाभवन याच्या अगदी उलट टोकाला होते. तेथे परीक्षेचा धाक नव्हता, पदवीचे आकर्षणही नव्हते. नंदलाल बोस विद्यार्थ्यांना झाडे, गुरे, संथाळ पाड्यांवरची माणसे पाहायला लावीत. अजिंठ्याची रेषा, जपानी चित्रांतील मोकळी जागा, पातळ जलरंगांचे एकावर एक चढविलेले थर हे सारे तेथल्या शिक्षणात मुरलेले होते. कोल्हापूरचे विनायक मासोजीही तेथेच शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस हे फोन्सेका यांचे गुरू झाले. एका कॅथलिक गोवेकराने बंगालच्या स्वदेशी कलाचळवळीत शिरणे ही त्या काळी साधी बाब नव्हती.

या निवडीची किंमत गोव्यात परतल्यावर कळली. १९३१ च्या सुमारास फोन्सेका गावी आले आणि ख्रिस्ती विषय रंगवू लागले. त्यांची मारिया साडी नेसलेली, सावळी, कोंकणी घरातील बाईसारखी होती. चारशे वर्षे युरोपीय गोरी मारिया पूजणाऱ्या पोर्तुगीज अमलाखालच्या चर्चमंडळींना हा धर्माचा उपमर्द वाटला. ज्या समाजासाठी चित्रे काढायची, त्यानेच पाठ फिरविली. जे. जे.च्या चाकोरीतील व्यक्तिचित्रकार म्हणून ते परतले असते, तर हेच गाव त्यांना मिरवत राहिले असते.

फोन्सेका पुण्यास निघून आले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा लाभला. हा आश्रम अँग्लिकन पंथीयांचा. कॅथलिक चित्रकाराला परक्या पंथाने जागा द्यावी, यातला विरोधाभास नजरेआड करण्याजोगा नाही. स्वपंथीयांत आधार मिळाला तो प्रामुख्याने मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांचा. भारतीय ख्रिस्ती कलेचा ध्यास घेतलेल्या या स्पॅनिश जेझुइटाने त्यांची चित्रे संग्रहात घेतली. पुण्यातील दशके एकंदरीत शांतपणे, भरपूर काम करण्यात गेली. बाजारात नाव होण्याच्या दृष्टीने ती निष्फळच म्हणावी लागतील. मुंबईत प्रोग्रेसिव्ह गटाचा बोलबाला असताना जलरंगातील धार्मिक चित्रांकडे पाहायला समीक्षकांना सवड नव्हती.

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक संस्कृतींना उपासनेत स्थान देण्याची भूमिका घेतली. फोन्सेका तीस वर्षांपूर्वीच तेथे पोहोचले होते. त्यानंतर लवकरच, २८ डिसेंबर १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने चित्रे जिवापाड जपली. २००६ मध्ये त्यांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आला आणि साडीतली मारिया गोव्यात परतली.