राष्ट्राध्यक्षांची शीर कुणालाच शिवता आली नाही, मग हा पोरगा भरतकाम शिकला

कुहीसारख्या गावातून नागपूरला कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी गेलं, की कधीकधी डॉक्टर सांगतात, ओटीपोटातली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली आहे. पूर्वी इथंच विषय संपायचा. कारण या वाहिन्यांवर अख्ख्या पायाचा रक्तपुरवठा चालतो. आता मात्र काही पेशंटमध्ये गाठीसोबत वाहिनीचा तेवढा तुकडाही काढतात आणि तिथं पेशंटचीच दुसरी शीर किंवा कृत्रिम नळी शिवतात.

हे शिवणं जगाला शिकवलं अ‍ॅलेक्सिस कॅरेल या फ्रेंच डॉक्टरनं.

तर झालं असं, 24 जून 1894 ला ल्योन शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुऱ्यानं हल्ला झाला. यकृतात रक्त आणणारी मोठी शीर कापली गेली आणि काही तासांत ते गेले. कॅरेल तेव्हा तिथंच मेडिकलला होता, वय अवघं 20. कापलेली शीर डॉक्टरांना शिवता येत नाही, हे काही त्याला पटेना.

मग तो गेला मादाम लेरुदिए यांच्याकडे. या बाई सर्जन नव्हत्या, भरतकाम करायच्या. ल्योन म्हणजे रेशमाचं शहर. तिथं कॅरेल बारीक सुई आणि रेशमाचा धागा चालवायला शिकला.

गोल नळीची दोन टोकं जोडताना सुई समोरच्या भिंतीतही घुसते. कॅरेलनं सारख्या अंतरावर तीन टाके घालून ते ताणले. गोलाचा झाला त्रिकोण, मग एकेक सरळ बाजू शिवायची. रक्त गोठू नये म्हणून धाग्याला व्हॅसलीन. 1902 मध्ये त्यानं रक्तवाहिन्या जोडण्यावरचं काम छापलं.

फ्रान्समध्ये त्याचं जमलं नाही. 1904 ला तो कॅनडात, तिथून शिकागोत गेला. तिथं चार्ल्स गथ्रीसोबत प्राण्यांमध्ये धमनीच्या जागी शीर बसवून पाहिली. ओटीपोटातल्या आजच्या जोडकामाचं मूळ हेच. 1912 ला नोबेल मिळालं.

आता इथं थांबलो तर गोष्ट अर्धीच राहील. 1935 च्या पुस्तकात याच माणसानं काही गुन्हेगारांना आणि मनोरुग्ण गुन्हेगारांना गॅसनं मारण्याचं समर्थन केलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारच्या पैशातून त्यानं संस्था चालवली. जीव वाचवायची एवढी तळमळ असलेला माणूस इथवर कसा पोचला, हे खरंच कळत नाही. नोव्हेंबर 1944 मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. ल्योनच्या मेडिकल फॅकल्टीला दिलेलं त्याचं नाव 1996 मध्ये काढण्यात आलं.