जालन्याजवळचं बेथेल

आजचा शास्त्रभाग: उत्पत्ती 28:10-22



परभणीहून संभाजीनगरकडे जाणारी गाडी पकडली की मानवत रोड, सेलू, परतूर मागे पडतात आणि मग जालना येतं. कॉलेजच्या दिवसांत मी हा प्रवास कितीतरी वेळा केला. जालना म्हणजे बियाणं आणि लोखंड, एवढंच माझ्या डोक्यात होतं. या शहराजवळ बेथेल नावाची एक वस्ती आहे आणि ती एका विद्यार्थ्याच्या विश्वासातून उभी राहिली, हे मला फार उशिरा कळलं.

त्या विद्यार्थ्याचं नाव नारायण शेषाद्री.

ब्राह्मण घरातला हा हुशार मुलगा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकत होता. ही शाळा 1832 साली सुरू झाली. आजचं विल्सन कॉलेज तिच्यातूनच वाढलं. तिथे इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवत आणि बायबलही शिकवत. रॉबर्ट नेस्बिट हे तिथले एक शिक्षक. स्कॉटलंडहून आलेला हा माणूस इतकं अस्खलित मराठी बोलायचा, की ऐकणाऱ्यांना नवल वाटायचं. नारायणवर त्यांचा मोठा प्रभाव पडला.

पण बाप्तिस्म्याची किंमत काय असते, हे त्या शाळेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. 1839 साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सगळ्या शहरात खळबळ माजली. प्रकरण कोर्टात गेलं. पालकांनी भराभर आपली मुलं शाळेतून काढून घेतली. पुढे काय वाढून ठेवलंय हे नारायणला माहीत नव्हतं, असं नाही. सगळं दिसत असताना त्यानं पाऊल उचललं. 13 सप्टेंबर 1843 या दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाला.

आता जे घडलं ते वाचताना माझा जीव कासावीस होतो.

नारायणचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा. तोही मोठ्या भावाच्या मागोमाग मिशनमध्ये राहायला आला. त्यालाही ख्रिस्ताच्या मागे जायचं होतं. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. मुलगा वयानं लहान आहे, सबब तो बापाच्या ताब्यात द्यावा, असा निकाल लागला. श्रीपतला जायचं नव्हतं, तरी त्याला परत पाठवलं गेलं. घरी गेल्यावरही प्रश्न मिटला नाही. मिशनमध्ये जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचं की नाही, यावरून मोठा वाद पेटला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं अशी बाजू घेतली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली.

मित्रांनो, इथे घाईनं कोणाला दोषी ठरवू नका. त्या बापाकडे पाहा. एक मुलगा गेला, दुसराही जाणार, या भीतीनं तो कोर्टाची पायरी चढला. आणि नारायणकडेही पाहा. आपल्यामुळे धाकट्यावर ही वेळ आली, हा विचार त्याच्या मनात आला नसेल का? त्या काळच्या रीतीप्रमाणे बाप्तिस्मा घेणाऱ्याला घराचा उंबरठा बंद होत असे.

आता आजच्या शास्त्रभागाकडे येऊ या. याकोबही घर सोडून निघालाय. मागे आंधळा बाप, दुखावलेला भाऊ. पुढे अनोळखी हारान. रात्र झाली, उशाला दगड. देव त्याला भेटला तो नेमका तिथे, ना घर ना मुक्काम अशा मधल्या जागी. सकाळी उठून त्यानं त्या जागेला बेथेल नाव दिलं, म्हणजे देवाचं घर. ज्याचं स्वतःचं घर सुटलं, त्याला देवाचं घर सापडलं.

नारायणच्या बाबतीत ती रात्र बरीच लांबली. 1843 सालीच स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली. विल्सन आणि नेस्बिट फ्री चर्चच्या बाजूनं उभे राहिले आणि शाळेची नवी इमारत त्यांना सोडून द्यावी लागली. म्हणजे ज्यांच्या आसऱ्याला हा तरुण आला, तेच बेघर झाले! तरी शाळा दुसरीकडे पुन्हा उभी राहिली आणि नारायणचा अभ्यासही थांबला नाही. बाप्तिस्मा 1843 चा आणि पाळकपदाची दीक्षा 1854 ची. मधे तब्बल अकरा वर्षं. शिकणं, शिकवणं, स्वतःला घडवणं. आपल्याला मात्र एका रिट्रीटमध्ये सगळं हवं असतं. दोन सेमिस्टर प्रार्थना केली आणि मार्ग दिसला नाही, की आपण देवावर रुसतो.

मग 1860 नंतरच्या दशकात ते जालन्याला आले. तेव्हा हा सगळा मुलूख, आपली परभणीसुद्धा, निजामाच्या राज्यात होती. इकडे रेल्वे यायला अजून कितीतरी वर्षं होती. मुंबईत शिकलेला, इंग्रजीत अस्खलित भाषण करणारा हा माणूस आपल्या मराठवाड्याच्या काळ्या मातीत येऊन राहिला. त्यांच्याकडे शुभवर्तमान ऐकायला आले ते बहुतेक मांग आणि महार समाजातले लोक. ज्यांची सावलीही टाळायची असं लहानपणी शिकवलं जातं, त्यांच्याच सोबत हा ब्राह्मणाचा मुलगा उपासनेला बसू लागला.

या लोकांना गावात मान नव्हता आणि पोटापुरती जमीनही नव्हती. ख्रिस्ती झाल्यावर तर उरलासुरला आधारही सुटण्याची भीती. नुसता उपदेश करून भागणार नव्हतं, हे नारायणरावांनी ओळखलं. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्याजवळ नवी वस्ती वसवली. राहायला घर, कसायला शेत, मुलांना शाळा आणि उपासनेला जागा. नाव ठेवलं बेथेल.

हे नाव त्यांनी सहज ठेवलं असेल असं मला वाटत नाही. ज्याचं घर सुटलं होतं, त्यानं घर नसलेल्यांसाठी घर बांधलं. ज्याचा एक भाऊ नेला गेला, त्याला देवानं एक अख्खं गाव भाऊबहिणी म्हणून दिलं.

पुढे 1873 साली न्यूयॉर्कला जगभरच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांची मोठी परिषद भरली, तिथे डोक्याला पागोटं बांधून नारायण शेषाद्री बोलायला उभे राहिले. मोठमोठ्या शहरांत त्यांना लोक ऐकत. तरी ते परत आले ते जालन्यालाच. 1891 साली अशाच एका दूरच्या प्रवासात, समुद्रावर असताना, प्रभूनं त्यांना आपल्याकडे बोलावलं. शेवटच्या रात्रीही ते प्रवासीच होते, याकोबासारखे.

मागच्या आठवड्यात परभणीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीनं मला विचारलं, अभ्यास आधी की विश्वास आधी? घरच्यांना काय सांगू? माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी तिला ही गोष्ट सांगितली. नारायणरावांनी शिक्षण आणि विश्वास असे दोन वेगळे कप्पे केलेच नाहीत. शिकले ते उपयोगी पडलं: दिवाणाकडे जमीन मागताना, अर्ज लिहिताना, शाळा चालवताना. आणि विश्वासानं ते शिक्षण कुणासाठी वापरायचं, हे सांगितलं. घरच्यांबद्दल मात्र एवढंच म्हणेन: त्यांचं दुःख हलकं समजू नका. त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करा, फोन उचला, गोड बोला.

आज स्वतःला विचारा: माझी पदवी हातात आल्यावर तिच्यामुळे कुणाला घर मिळेल?

प्रार्थना: हे देवबापा, घर आणि मुक्काम यांच्या मधल्या जागी आम्हाला भेट. परीक्षेच्या, एकटेपणाच्या रात्री आमच्या उशाचा दगडही तुझ्या घराचा खांब होऊ दे. आमच्या आईवडिलांना सांभाळ. आमचं शिक्षण ज्यांना कुणी नाही त्यांच्या कामी येऊ दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.